एका सामान्य खातेदाराचा कागदोपत्रीं शोध

ज्याला वतन नाहीं, ज्याच्या नांवें सनद नाहीं, ज्याचा हक्काचा तंटा कधीं दिवाणांत गेला नाहीं, अशा माणसाचें चरित्र कागदांवरून लिहितां येईल काय, हा प्रश्न आमच्या इतिहासभक्त मंडळींत फारसा निघत नाहीं. राजवाड्यांनीं घरोघरच्या दप्तरांचा शोध करण्याचा परिपाठ घातला व १९१० सालीं पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाल्यावर त्या कामास स्थैर्य आलें. तथापि जीं दप्तरें हातीं लागलीं तीं बहुशः देशमुख, देशपांडे, पाटील, कुळकर्णी, इनामदार ह्यांचीं. रयतेचा उल्लेख त्यांत येतो तो 'समस्त बलुते व पांढरी' एवढ्या शब्दांत. आमच्या बुलढाणा जिल्ह्याचा इतिहास म्हटला म्हणजे सिंदखेडचें जाधवांचें घराणें, १७२४ सालची साखरखेर्ड्याची लढाई, लोणारचीं देवळें, आणि मेहकरास १८८८ सालीं सांपडलेली बालाजीची मूर्ति, इतक्यांत तो बहुधा आटोपतो. बुलढाण्याचेच या. मा. काळे ह्यांनीं वऱ्हाडच्या इतिहासाचा पाया घातला तोहि राजकीय घडामोडींच्या अंगानें. त्यांत गैर कांहींच नाहीं. परंतु पैनगंगेच्या कांठीं ज्वारी पेरणाऱ्याचा इतिहास कोणत्या कागदांत आहे हें पाहण्याचें काम त्यामुळें मागें राहिलें.

अलीकडे हें काम निराळ्याच कारणानें लोकांनीं स्वतः हातीं घेतलें आहे. इतर मागासवर्गाचा दाखला पाहिजे असणारास १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वींचा पुरावा द्यावा लागतो. म्हणून आजाचें, पणजाचें नांव असलेला कागद शोधणें घरोघर आवश्यक झालें. पुढें सप्टेंबर २०२३ मध्यें राज्यसरकारनें निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे ह्यांच्या अध्यक्षतेखालीं कुणबी नोंदी तपासण्यासाठीं समिति नेमली. तिचें काम आरंभीं मराठवाड्यापुरतें होतें, तें मागाहून सर्व राज्यास लागू झालें. आणि मोडी वाचणाऱ्या माणसास एकाएकीं मोल आलें. त्या मागणीच्या न्यायान्यायाचा विचार हा ह्या लेखाचा विषय नव्हे. आम्हांस सांगावयाचें तें इतकेंच कीं, ह्या निमित्तानें जे कागद उजेडांत येत आहेत ते एका शब्दासाठीं चाळले जातात व शब्द मिळतांच पुन्हा अंधारांत जातात. त्या शब्दाच्या मागेंपुढें एका माणसाचें सबंध आयुष्य लिहिलेलें असतें, तें कोणी वाचीत नाहीं.

चिखलीकडील, म्हणजे घाटावरच्या, एका कुटुंबाचें लहानसें दप्तर ह्याच निमित्तानें आमच्याकडे आलें. त्या कुटुंबांतील मंडळी हयात असल्यामुळें गांवाचें व घराण्याचें नांव येथें देत नाहीं. वाचकांनीं क्षमा करावी. ज्या पुरुषाचा शोध करावयाचा होता त्यास आम्ही ह्या लेखापुरतें 'खातेदार' म्हणूं. कारण त्याच्या हयातींतील त्याची सर्वांत ठळक ओळख तीच होती.

दप्तर म्हणजे तांबड्या खारव्याचा एक रुमाल. त्यांत शेतसाऱ्याच्या कांहीं पावत्या, एक गहाणखत, एक आहेराची यादी, आणि मागाहून कचेऱ्यांतून आणलेल्या नकला. कुटुंबांत परंपरा अशी कीं मूळ पुरुष सिंदखेडकर जाधवांच्या पदरीं शिलेदार होता, तेथून तो ह्या गांवीं आला, व त्याचा पणतू जो आमचा खातेदार, तो काशीयात्रेस गेला असतां वाटेंत वारला. अशा परंपरा वऱ्हाडांत घरोघर ऐकूं येतात. त्यांस एकदम खोट्या म्हणूं नये व एकदम खऱ्याहि मानूं नये. त्यांतील कोणता भाग कागदाच्या कसोटीस उतरतो तेवढें पाहावें.

शोधाची दिशा नेहमीं हयात माणसापासून मागें जाणारी असावी. पुष्कळ लोक मूळ पुरुषापासून आरंभ करतात व मग दोन टोंकें जुळत नाहींत तेथें कल्पनेनें पूल बांधतात. येथें पहिला कागद खातेदाराच्या नातवाचा, म्हणजे शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरांतील उतारा. त्यांत मुलाचें नांव, बापाचें नांव, जात, धंदा, जन्मतारीख, इतक्या गोष्टी मिळतात. जन्मतारखेवर मात्र भिस्त ठेवूं नये. शाळाखात्यांत ज्याचें आयुष्य गेलें आहे त्यास ठाऊक असतें कीं, बापानें 'मोठ्या पोळ्याच्या आधींचा' असें सांगावें व मास्तरांनीं अदमासानें तारीख घालावी, हीच पूर्वींची रीत होती. ज्या गांवांत निम्मे विद्यार्थी जूनच्या किंवा जुलैच्या पहिल्या तारखेस जन्मलेले दिसतात तेथें जन्म पाहूं नये, शाळा उघडण्याचा दिवस पाहावा. वर्ष एकदोनांनीं मागेंपुढें धरून हा उतारा उपयोगी पडतो.

त्याच्या मागें कोतवाल बुक. विदर्भांत जन्ममृत्यूच्या गांवनोंदवहीस हें नांव रूढ आहे. महसुली भाषेंत तिला गांव नमुना १४ म्हणतात. बहुतेक जुन्या वह्या मोडींत आहेत. सामान्य माणसाच्या इतिहासाचें ह्याहून मोठें साधन आमच्या प्रांतांत नाहीं, परंतु तिच्या खोडी समजून घेतल्या पाहिजेत. जन्माच्या नोंदींत मुलाचें नांव प्रायः नसतें. 'अमक्यास मुलगा' किंवा 'अमक्यास मुलगी' एवढेंच. त्यामुळें चार भाऊ असल्यास कोणती नोंद कोणाची हें इतर पुराव्यावरून ठरवावें लागतें. आईचें नांव नसतेंच म्हटलें तरी चालेल. आणि पुरुषाच्या नांवाचें रूप लिहिणाराच्या दृष्टीनें बदलतें. जो तुकाराम गांवचा पाटील असेल तो 'तुकाराम पाटील', जो खाऊनपिऊन सुखी तो 'तुकाराम', जो साधा कुणबी तो 'तुका', आणि महारवाड्यांतला असेल तर 'तुक्या'. एकच माणूस परिस्थिति पालटल्यावर दोन रूपांनीं लिहिलेला सांपडतो. आमचा खातेदार पुत्रजन्माच्या नोंदींत पूर्ण नांवानें आहे, मृत्यूच्या नोंदींत तोडक्या नांवानें आहे. हे दोघे निराळे असावेत असा कुटुंबाचा पहिला समज झाला. पण बापाचें नांव, आडनांव व शेजारच्या नोंदींतील भावाचा उल्लेख पाहतां तो एकच पुरुष ठरतो. मधल्या काळांत त्याची पत उतरली होती, एवढाच त्याचा अर्थ.

ती कां उतरली हें गहाणखतावरून कळतें. खातेदाराच्या नांवें एकच सर्व्हे नंबर होता. वऱ्हाडांत १८६१ पासून मुंबई इलाख्याच्या पद्धतीची रयतवारी मोजणी सुरू झाली व प्रत्येक शेतास नंबर, क्षेत्र व आकार मिळाला. आकारबंद, टिपण व फाळणी हे त्या मोजणीचे कागद जेथें शाबूत आहेत तेथें माणसाचें नांव जमिनीशीं कायमचें बांधलें जातें, आणि नंबर एकदां हातीं आला म्हणजे पुढील पेरेपत्रकांतून, १९५४-५५ च्या अधिकार अभिलेखांतून व आजच्या सातबाऱ्यांतून त्याच शेताचा माग खालींवर काढतां येतो. माणसें मरतात, नंबर मरत नाहीं. आमच्या खातेदारानें ह्या नंबरापैकीं अर्धा कापसाच्या एका वाईट हंगामानंतर सावकाराकडे गहाण टाकला. गहाणखताच्या शेवटीं त्याची 'निशाणी नांगराची' आहे. वाकडातिकडा, मुठीवर जरा अधिक जोर दिलेला तो नांगर हें त्या पुरुषाच्या स्वतःच्या हातचें एकमेव अक्षर म्हणावयाचें. सनदेवरील शिक्क्यांचीं चित्रें छापणाऱ्या आम्हां लोकांनीं अशा निशाण्याहि संग्रहीं ठेवाव्या असें वाटतें. नांगर, तराजू, कट्यार, बांगडी ह्यांवरून धंदा व जात दोन्ही कळतात.

कागद कोठें शोधावा ह्याविषयीं एक गोष्ट येथेंच सांगून टाकतों, कारण तीमुळें पुष्कळांचे हेलपाटे वांचतील. वऱ्हाड १८५३ सालीं निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यांत आलें, १९०३ सालीं मध्यप्रांतास जोडलें गेलें, १९५६ सालीं मुंबई राज्यांत व १९६० सालीं महाराष्ट्रांत आलें. जिल्ह्याच्या हद्दी त्याबरोबर हालल्या. १९०५ पूर्वीं बुलढाणा जिल्ह्यांत चिखली, मेहकर व मलकापूर हेच तालुके होते. खामगांव व जळगांव हे तालुके त्या सालीं अकोल्याकडून आले. सबब खामगांवकडील पणज्याचा १९०५ पूर्वींचा जिल्ह्याचा कागद अकोल्यास पाहावा, बुलढाण्यास नव्हे. आज तेरा तालुके आहेत आणि देऊळगांव राजाकडील माणसाची जुनी नोंद चिखलीच्या दप्तरांत निघते. १८५३ च्या मागें गेल्यास कालगणनाहि बदलते. फसली सनांत ५९० व सुहूर सनांत ५९९ मिळविले असतां मृगसालाच्या आरंभाचें इसवी वर्ष येतें. शकांत ७८ मिळवावे लागतात. दोन्ही सनांत नऊंचें अंतर आहे हें ध्यानांत न ठेविल्यानें वंशावळींत एखाददुसरी पिढी वाढलेली आम्हीं पाहिली आहे.

आतां मृत्यूची नोंद. ती १९०० सालच्या उन्हाळ्यांतली, त्याच गांवांतली आहे. काशीयात्रेची कथा तेथेंच संपते. कारणाच्या रकान्यांत 'ताप' असें आहे. हा शब्द वाचून स्वस्थ बसूं नये. १८९९ चा पाऊस गेला व फसली १३०९ चा तो दुष्काळ वऱ्हाडभर पसरला. जिल्ह्याची जुन्या हद्दींतील लोकसंख्या १८९१ सालीं सुमारें ४ लक्ष ८१ हजार होती ती १९०१ सालीं सुमारें ४ लक्ष २४ हजारांवर आली. परंतु नोंदवहीच्या ठराविक सदरांत पटकी, देवी, ताप, हगवण, इजा व इतर एवढींच कारणें होतीं. भुकेचें सदर नव्हतें. उपासानें खंगलेला मनुष्य शेवटीं तापानें किंवा हगवणीनें मरतो, आणि लिहिणारा तेंच लिहितो. त्या महिन्यांचीं पानें आम्हीं सबंध उतरून घेतलीं, आपल्या माणसाची ओळ तेवढी घेतली नाहीं. एका बाजूस त्याच आळींतील म्हातारीं माणसें, दुसऱ्या बाजूस 'अमक्याची मुलगी, वय दोन', 'अमक्याचा मुलगा, वय एक', कारण ताप, कारण हगवण. अशीं पानें एकामागून एक आहेत. खातेदाराच्या नोंदीच्या वर नऊ ओळींवर 'त्याची मुलगी' आहे; तिचें नांव लिहिलेलें नाहीं. कुटुंबाच्या परंपरेंत ही मुलगी कोणास माहीत नव्हती. काशीयात्रेची कथा कोणी व कां रचिली असावी ह्याचा तर्क वाचक करतीलच. पोटापायीं घरांत दोन मृत्यु एकाच उन्हाळ्यांत झाले असें नातवंडांस सांगणें कठीण, यात्रेस गेले हें सांगणें सोपें. आम्ही तिला असत्य म्हणत नाहीं. तीहि त्या दुष्काळाचाच एक कागद आहे.

नंतरच्या पेरेपत्रकांत शेताचा उरलेला अर्धा भाग 'बेवा' ह्या शब्दानें सुरू होणाऱ्या नांवावर आहे. पुढें नवऱ्याचें नांव स्पष्ट. तिचें स्वतःचें नांव जेथें असावयाचें तेथें कसर लागून कागद चाळणीसारखा झाला आहे. म्हणजे ज्या बाईनें दुष्काळानंतर एक मुलगा वांचवून अर्धें शेत राखलें, तिचें नांव जन्माच्या नोंदींत नाहीं, गहाणखतांत नाहीं, आणि जेथें होतें तेथें किड्यानें खाल्लें. कुटुंबास हें नांव नको होतें असें नाहीं, पण दाखल्यास तें लागत नाहीं. आम्हांस मात्र शोध इथें थांबवावासा वाटेना.

आहेराची यादी ह्या कामीं उपयोगी पडली. आमच्याकडे लग्नाची सरकारी नोंद पूर्वीं नव्हती. इंग्लंडांत १५३८ पासून प्रत्येक चर्चमध्यें बाप्तिस्मा, लग्न व दफन ह्यांची वही ठेवीत, म्हणून तेथील मोलकऱ्याचाहि विवाह सांपडतो. आमच्या कुणब्याचा सांपडतो तो आहेराच्या यादींत. ही यादी खातेदाराच्या मुलाच्या लग्नांतली, दोन्ही बाजूंनीं लिहिलेल्या लांबट बंदावर आहे. कोणी रुपया दिला, कोणी पागोटें, कोणी चोळखण, कोणी ज्वारीची पायली. प्रत्येकाच्या नांवापुढें गांव आहे आणि नातें बहुधा आहे. नकाशा घेऊन तीं गांवें मांडलीं तेव्हां दिसून आलें कीं, एक सोडून सर्व गांवें गाडीच्या एका दिवसाच्या अंतरांत आहेत. माणसाचें सर्व जग तेवढेंच. सिंदखेडच्या बाजूचें त्यांत एकहि नाहीं. जें एक गांव दूरचें, तें घाटाखालीं पूर्णेच्या खोऱ्यांत मलकापुराकडे आहे, आणि त्याच्यापुढें 'भाऊबंद' असा शब्द आहे. सोयरे जवळचे व भाऊबंद दूरचे, ह्याचा अर्थ कुटुंब तिकडून आलें. ह्याच यादींत नवऱ्यामुलाच्या मामाचें गांव मिळालें; म्हणजे बाईचें माहेर कळलें. नांव अजून नाहींच.

तें निघालें त्र्यंबकास. तीर्थोपाध्यायांच्या नामावळीच्या वह्या आमच्या वाचकांस परिचित आहेत. यात्रेकरूचें गांव सांगितलें कीं उपाध्ये त्या परगण्याची वही काढतात व त्यांत बाप, आजा, चुलते, भाऊ, मुलें ह्यांचीं नांवें, मूळ गांव व हल्लीं वस्ती हीं मिळतात. अमेरिकेंतील यूटा येथील वंशावळीच्या संस्थेनें हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांचीं सूक्ष्मचित्रें घेऊन ठेविलीं आहेत; आमच्या तीर्थांच्या वह्यांविषयीं आम्हीं तितकी कळकळ दाखविली पाहिजे. कुटुंबानें हल्लींचें गांव सांगून एकदां वही पाहविली होती व कांहीं निघालें नव्हतें. आहेराच्या यादींतील घाटाखालचें गांव सांगतांच पान निघालें. आमच्या खातेदाराचा मुलगा तेथें जाऊन गेला होता.

नोंदीस साल नाहीं. 'सिंहस्थांत' एवढेंच आहे. सिंहस्थ बारा वर्षांनीं येतो असें आपण म्हणतों, पण गुरूची प्रदक्षिणा बारा वर्षांहून किंचित् कमी असल्यामुळें मधून एकदां अंतर अकरांचें पडतें. १९८० नंतरचा सिंहस्थ १९९१ सालीं आला, मग २००३ व २०१५. हें धरून मागें मोजलें पाहिजे. १९०० नंतरचे पहिले दोन सिंहस्थ येथें संभवतात. नोंदींत मुलाच्या मुलाचें नांव आहे, आणि शाळेच्या उताऱ्यावरून, दोन वर्षें मागेंपुढें धरूनहि, पहिल्या सिंहस्थाच्या वेळीं हा नातू जन्मलेला नव्हता. म्हणून दुसरा सिंहस्थ निश्चित होतो. गोत्राच्या जागीं 'काश्यप' आहे. त्यावरून वंशाचा तर्क करण्याचा मोह अनेकांस होतो, तो टाळावा. गोत्र ठाऊक नसल्यास काश्यप उच्चारावें असा धर्मशास्त्राचा संप्रदाय आहे, आणि नामावळींतील निम्मे काश्यप ह्याच वाटेनें आलेले असतात.

तीर्थावरील श्राद्धांत बाप, आजा, पणजा ह्यांबरोबर आई, आजी, पणजी ह्यांचींहि नांवें उच्चारावीं लागतात. सरकारी वहीनें जें विचारलें नाहीं तें संकल्पानें विचारलें. मुलानें सांगितलें व उपाध्यायांनीं लिहिलें, 'मातुश्री' आणि त्यापुढें तिचें नांव, मोडींत, ठसठशीत. आजीच्या जागीं एक आडवी रेघ आहे. त्याला तें ठाऊक नव्हतें.

ह्या शोधाचें मोजमाप घेतलें तर निष्पत्ति थोडी. एक नंबर, एक गहाण, एक नांगराची निशाणी, दोन मृत्यु, एक नांव. मॉरिशस बेटांत १८३४ पासून हिंदुस्थानांतून मजूर गेले. त्यांतील गरिबांतल्या गरिबाचा अनुक्रमांक, जहाज, गांव, बापाचें नांव, वय, हें सर्व तेथें मोका येथील महात्मा गांधी संस्थेच्या दप्तरांत पाहावयास मिळतें, कित्येकांचें छायाचित्रहि मिळतें, आणि तेथील मराठी कुटुंबें त्यावरून कोंकणांतलें गांव शोधीत येतात. मळ्यावर विकत घेतल्यासारख्या नेलेल्या माणसाची नोंद इतकी चोख, आणि स्वतःच्या शेतांत मेलेल्याची अशी. मालकास मजुराची मोजदाद हवी होती, एवढाच ह्यांतला फरक.

कागदांच्या जपणुकीविषयीं थोडें लिहिणें प्राप्त आहे, कारण शोधाच्या ह्या गर्दींत वह्यांचें आयुष्य झपाट्यानें घटत आहे. थुंकी लावून पान उलटूं नये. पारदर्शक चिकटपट्टी किंवा गरम दाबाचें आवरण लावूं नये, त्यानें कागद जळतो व पुढें दुरुस्तहि करतां येत नाहीं. छायाचित्र घ्यावें तें सबंध पानाचें, मागच्या-पुढच्या पानांसह; केवळ आपल्या ओळीचें घेतल्यास ती ओळ खरी कीं मागाहून घातलेली हें ठरवितां येत नाहीं. मागाहून घातलेला शब्द बहुधा शाईच्या रंगावरून, बोरूऐवजीं टांकानें लिहिल्यावरून, व विशेषतः अक्षरांच्या दाटीवरून ओळखूं येतो. रकान्याच्या रेघेवर चढलेलें अक्षर संशयानें पाहावें. अशा शब्दानें एका कुटुंबाचें काम होत असेल, पण सबंध वहीची विश्वासार्हता जाते, व तिच्यांतील शेंकडों निरपराध माणसांची साक्ष बाद होते. मोडीचें देवनागरी करतांना ओळीस ओळ ठेवावी, न लागलेलें अक्षर टिंबांनीं दाखवावें, तर्क कंसांत द्यावा. हा नियम सनदांस आपण लावतोंच. कोतवाल बुकास तो अधिक लागू आहे, कारण सनदेची दुसरी प्रत कोठेंतरी असते, हिची बहुधा नसते.

कुटुंबास हवा होता तो शब्द पुत्रजन्माच्या नोंदींत होता व त्यांचें काम झालें. दप्तर त्यांनीं परत नेलें; सर्व कागदांच्या नकला व १९०० सालच्या पानांचा पूर्ण उतारा आमच्याजवळ आहे, आणि ज्या संशोधकांस पाहावयाचा असेल त्यांस कुटुंबाच्या अनुमतीनें तो दाखवितां येईल. नवी वंशावळ त्यांनीं करविली तींत सिंदखेडचा शिलेदार 'परंपरेनें' असा शेरा देऊन ठेविला आहे, घाटाखालचें मूळ गांव लिहिलें आहे, खातेदाराच्या खालीं 'मुलगी, नांव अज्ञात, मृत्यु १९००' अशी ओळ आहे, व त्याच्या शेजारीं पत्नीचें नांव आहे. तिच्या सासूच्या नांवाची जागा कोरी आहे.